चव्वेचाळीस महिन्यांचं फळ

माडावरून आज उतरवलेल्या नारळाचं वय किती? पोय, म्हणजे माडाचा फुलोरा, उमलल्यापासून मोजलं तर अकरा-बारा महिने. बागायतदार असंच मोजतात, आणि रोजच्या व्यवहाराला ते पुरतंही. पण माडाच्या पोटातला हिशेब त्याच्या फार आधी सुरू झालेला असतो. शेंड्याच्या आत, कोवळ्या पानांच्या घट्ट आवरणाखाली, त्या पोयीचा पहिला अंकुर साधारण ३२ महिने आधीच धरलेला असतो. तो नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही. पोय बाहेर येण्याआधीचे ३२ महिने आणि नंतरचे १२, असे एकूण ४४. आज ताटातल्या सोलकढीत उतरलेला नारळ जवळजवळ पावणेचार वर्षांपूर्वी सुरू झाला होता. ती बातमी माडाखेरीज कुणालाही नव्हती.

मला नारळाची सगळी नवलाई या एका आकड्यात साठलेली दिसते. माडाचं काम किती शिस्तीत चालतं, तेही यातूनच कळतं. निरोगी माडाला साधारण महिन्याला एक झावळी फुटते, म्हणजे वर्षाला बारा ते चौदा. प्रत्येक झावळीच्या बेचक्यात एक पोय धरते आणि त्या पोयीची पुढे एक पेंड होते. त्यामुळे चांगल्या माडाच्या शेंड्यात एकाच वेळी डझनभर पेंडी दिसतात आणि लागोपाठच्या दोन पेंडींच्या वयात महिन्याभराचं अंतर असतं. वर नुकती उमललेली पोय, तिच्याखाली बोंडं, मग शहाळी, मग आडसर, आणि सगळ्यात खाली तयार नारळ. भिंतीवरचं कॅलेंडर उलगडून ठेवावं तसं माडाचं अख्खं वर्ष एका नजरेत दिसतं. जुनी झावळी गळून पडली की खोडावर तिचा वण राहतो. ते वण मोजून जाणकार माणूस माडाचं वय बऱ्यापैकी अचूक सांगतो.

हे सगळं चालतं एकाच कोंबावर. माडाला फांद्या नाहीत, बगलेतून फुटणारा दुसरा डोळा नाही. शेंड्यातला तो एक कोंब मेला की साठ वर्षांचा माडही मेला. आंबा किंवा फणस वर्षागणिक नवं लाकूड धरून जाड होत जातो. माड तसा जाड होत नाही. रोप लहान असताना खोडाची जाडी आधी ठरते आणि मग ते उंच जाऊ लागतं. गवत, बांबू, केळ यांच्यासारखाच माडही एकदल वनस्पतींच्या गटातला. आणखी एक गोष्ट ऐकून मी थक्क झालो होतो. सागाच्या मधल्या लाकडातल्या पेशी केव्हाच मेलेल्या असतात, पण माडाच्या खोडातल्या पुष्कळ पेशी शेवटपर्यंत जिवंत राहून काम करतात. पंजोबांनी लावलेल्या माडाच्या बुंध्याशी हात टेकला, तर आतल्या काही पेशी पंजोबांच्या काळापासून अखंड जगत आलेल्या असतात.

याच वेगळेपणातून गोव्यात एक वाद उभा राहिला. २०१६ मध्ये तिथल्या वृक्षसंरक्षण कायद्यातल्या ‘झाडा’च्या व्याख्येतून माड वगळला गेला, म्हणजे तो तोडायला परवानगी लागणार नव्हती. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात माड इतर वृक्षांपेक्षा वेगळा आहे, हे खरं. पण गोव्याच्या माणसाला पुस्तकाची गरज नव्हती. मोठा विरोध झाला आणि २०१७ मध्ये माड पुन्हा झाड ठरला. मला तो निर्णय अगदी योग्य वाटतो.

भारतात वर्षाला दोन हजार कोटींच्या आसपास नारळ पिकतात आणि त्यातले सुमारे ९० टक्के केरळ, कर्नाटक, तमिळनाडू आणि आंध्र प्रदेश या चार राज्यांतून येतात. महाराष्ट्राचा वाटा या हिशेबात अगदी लहान आहे. पश्चिम बंगाल, ओडिशा, अंदमान आणि आसामच्या परसबागांतही माड आहेत. राज्यवार आकडे मात्र एक मजेची गोष्ट लपवतात. या प्रदेशांत माड एकच, पण प्रत्येक ठिकाणच्या माणसांनी नारळाच्या आयुष्यातला वेगवेगळा क्षण निवडला आहे. कुणी पोय उमलायच्या आत हात घालतं, कुणी सातव्या महिन्यात, कुणी अकराव्या, कुणी बाराव्या, आणि कर्नाटकातल्या एका पट्ट्यात तर नारळ उतरवल्यावरही त्याला जवळजवळ वर्षभर हात लावत नाहीत.

सगळ्यात आधीचा क्षण गोव्यातल्या रेंदेरांचा, कोकणातल्या भंडाऱ्यांचा आणि लक्षद्वीपच्या बेटकऱ्यांचा. पोय अजून मिटलेली असते. तिला दोरीनं आवळून बांधायचं, हळूहळू ठोकत नरम करायचं आणि टोकाचा पातळ काप घ्यायचा. मग रस ठिबकू लागतो. सकाळ-संध्याकाळ वर चढून नवा काप द्यावा लागतो, नाहीतर जखम सुकते आणि धार थांबते. जी साखर फळात जायची ती अशी मडक्यात उतरते. ताजी असताना ती गोड नीरा. थोड्याच तासांत आंबली की माडी. गोव्यात तिच्यापासून माडाची फेणी आणि स्वयंपाकातला शिरका होतो, गूळही होतो. लक्षद्वीपमध्ये दारूबंदी असल्यामुळे तिथं हाच रस आटवून गूळ करतात आणि शिरक्यासाठी वापरतात. दिवसातून दोनदा, तीन-चार मजले उंचीच्या खोडावर, पावसाळ्याच्या शेवाळावरून चढणाऱ्या माणसाचं कौशल्य आपल्याकडे फारसं कुणी नोंदवलेलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

पोय उमलू दिली तर एक नाजूक नाट्य सुरू होतं. एका पोयीत नर फुलं शेकडो, कधी हजारो, आणि मादी फुलं फार तर काही डझन. उंच जातीच्या माडात नर फुलं आधी उमलतात आणि सुमारे तीन आठवड्यांत झडून जातात. मादी फुलांची वेळ येते तेव्हा त्याच पोयीतले पराग बहुधा संपलेले असतात. म्हणजे शेजारच्या माडावरून वारा किंवा मधमाशी पराग आणील तेव्हाच फळ धरणार. ठेंगण्या जातीत दोन्ही वेळा एकमेकींवर येतात, म्हणून त्या स्वतःच स्वतःला फळवतात. धरलेल्या बोंडांतलीही बरीचशी गळून जातात. माड झेपेल तेवढंच ठेवतो.

मग येतो सहावा-सातवा महिना, शहाळ्याचा. कर्नाटकातलं मंड्या जिल्ह्यातलं मद्दूर आणि तमिळनाडूतलं पोल्लाची ही गावं या एका महिन्यावर उभी आहेत. पोल्लाची सह्याद्रीच्या पलीकडच्या अंगाला, पालघाटच्या खिंडीच्या तोंडाशी आहे. तिथून निघालेले ट्रक दिल्लीपर्यंत शहाळी पोचवतात. मुंबई-पुण्याच्या रस्त्याकडेला उन्हाळ्यात आपण जे शहाळं पितो, ते पुष्कळदा कोकणातलं नसतं, कर्नाटकातून किंवा तमिळनाडूतून आलेलं असतं.

शहाळ्याचं पाणी म्हणजे नक्की काय? गव्हाच्या दाण्यात जो पिठाचा भाग असतो, अंकुराला वाढवण्यासाठी साठवलेलं अन्न, तोच भाग नारळात आधी द्रवरूपात असतो. त्या पाण्यात केंद्रकं मोकळी तरंगत असतात. पुढे ती करवंटीच्या आतल्या बाजूला बसतात, त्यांच्याभोवती पेशींच्या भिंती उभ्या राहतात आणि खोबऱ्याचा पहिला, साईसारखा थर जमू लागतो. आपण शहाळ्यातली मलई खातो तेव्हा पाण्याचं खोबऱ्यात होणारं रूपांतर मध्येच थांबवलेलं असतं. १९४१ मध्ये योहानेस फान ओव्हरबेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धोतऱ्याचे अगदी कोवळे भ्रूण, जे एरवी वाढत नव्हते, नारळाचं पाणी घालून वाढवून दाखवले. १९५८ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात एफ. सी. स्टुअर्ड यांच्या प्रयोगशाळेत गाजराच्या सुट्या पेशींपासून पुरतं रोप तयार झालं, तेव्हाही पोषक द्रावणात नारळाचं पाणी होतं. पेशींना ‘विभागा, वाढा’ असं सांगणारी संप्रेरकं त्या पाण्यात असतात. ऊतिसंवर्धनाच्या कित्येक प्रयोगशाळांत ते आजही वापरलं जातं. म्हणजे एका झाडाच्या बाळासाठी साठवलेलं अन्न दुसऱ्या झाडांच्या बाळांनाही लागू पडतं.

सातव्या महिन्यात पोल्लाचीचा नारळ रस्त्याला लागतो. केरळच्या किनाऱ्यावरचा माणूस अजून थांबतो. अकराव्या महिन्याच्या सुमारास नारळ हिरवाच असतो, पण सोडणातला धागा लांब आणि मजबूत झालेला असतो. नेमका हा क्षण काथ्यावाल्यांचा. सोललेली सोडणं खाजणातल्या मचूळ पाण्यात बुडवून ठेवायची, सहा ते दहा महिने. पाण्यातले जीवाणू धाग्यांना एकमेकांशी चिकटवणारा पेक्टिन खाऊन टाकतात. त्या पाण्याला सडक्या अंड्यासारखा उग्र वास येतो, आणि त्यातच कमरेपर्यंत उभं राहून बायका सोडणं बाहेर काढत, लाकडी दांडक्यानं बडवून धागा मोकळा करत. आता यंत्रं आली आहेत, पण सोनेरी रंगाचा तो लांब धागा अजूनही या सडवण्यातूनच मिळतो. १८५९ मध्ये जेम्स डॅरा यांनी आलप्पुळात काथ्याचा पहिला कारखाना काढला आणि तिथल्या चटया युरोप-अमेरिकेच्या दारात जाऊन पडल्या. धागा काढल्यावर उरणारा भुसा पूर्वी ढिगानं टाकून देत. आता त्याच्या विटा पाडून परदेशात पाठवतात आणि तिथल्या काचघरांत मातीऐवजी त्यात रोपं वाढवतात.

काथ्याचं खरं मोल समुद्रावर कळतं. खाऱ्या पाण्यात तो सहजी कुजत नाही. म्हणून हिंदी महासागरात शेकडो वर्षं लोखंडी खिळा न वापरता, फळ्या काथ्याच्या सुंभानं शिवून जहाजं बांधली गेली. १४ व्या शतकातला प्रवासी इब्न बतूता यानं या जहाजांबद्दल लिहून ठेवलं आहे: खडकावर आपटलं तर खिळ्यांचं जहाज फुटतं, शिवलेलं मात्र लवून धक्का सोसतं. आपल्याकडे याचं जिवंत उदाहरण नुकतंच तयार झालं. अजिंठ्याच्या ५ व्या शतकातल्या चित्रात एक जहाज रंगवलेलं आहे. त्यावरून गोव्यात एक शिडाचं जहाज बांधलं गेलं, केरळच्या कारागिरांनी त्याच्या फळ्या काथ्याच्या दोरीनं शिवल्या, आणि मे २०२५ मध्ये कारवारला ते ‘कौंडिण्य’ या नावानं भारतीय नौदलात दाखल झालं. छत्रपती संभाजीनगरजवळच्या डोंगरातल्या भिंतीवरचं चित्र, केरळचा धागा आणि गोव्याचा धक्का एकत्र आले आणि ते जहाज पाण्यावर तरंगलं.

बारावा महिना आपल्या ओळखीचा. पाणी थोडं कमी झालेलं, खोबरं जाड, सोडण तपकिरी. हाच खवणीवर बसणारा नारळ, हाच देवापुढे फुटणारा, हाच घाण्यात जाणारा. तमिळनाडूतल्या कांगेयमच्या आसपास खोबऱ्याच्या वाट्या मोठ्या अंगणांतून उन्हात वाळत पडलेल्या दिसतात. तिथून तेलाच्या गिरण्या चालतात. आंध्रातल्या कोनसीमेत, गोदावरीच्या दोन फाट्यांमधल्या गाळाच्या जमिनीत, कालव्यांच्या कडेनं माडांच्या रांगाच रांगा आहेत आणि अंबाजीपेट हे तिथलं बाजाराचं गाव. त्र्यंबकेश्वरला उगम पावलेली आपली नदी शेवटी माडांच्या मुळांशी जाऊन पोचते. कोनसीमेची ‘गंगाबोंडम’ नावाची ठेंगणी जात फार देखणी आहे, फळ पपईसारखं लांबट. रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या प्रादेशिक नारळ संशोधन केंद्रानं कोकणासाठी जी संकरित जात काढली, तिच्या आईबापांपैकी एक हीच गंगाबोंडम.

आता सगळ्यात उशिराचा क्षण, आणि महाराष्ट्राच्या स्वयंपाकघराशी त्याचा सरळ संबंध आहे. कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यातलं तिपटूर हे गाव समुद्रापासून लांब, समुद्रसपाटीपासून सुमारे ८५० मीटर उंचीवर, कमी पावसाच्या पठारावर आहे. माड म्हणजे किनारा, हे आपल्या मनात इतकं बसलेलं आहे की तिथल्या तलावांच्या काठचे माड पाहताना डोळ्यांना ते पटत नाही. तिथले शेतकरी पूर्ण पक्व असोले नारळ उतरवून घराच्या माळ्यावर, फटी ठेवलेल्या फळ्यांवर रचून ठेवतात आणि आठ ते बारा महिने थांबतात. नारळ न फोडता, न उन्हात घालता. हवेच्या कोरडेपणानं आतलं पाणी हळूहळू आटतं, खोबरं आकसतं, करवंटीपासून सुटतं. नारळ कानाशी हलवून पाहायचा. आत गोळा खडखडला की तो तयार. फोडल्यावर बाहेर येतो अख्खा, गोल, गोड गोटा. दमट हवेत हे जमत नाही, नारळ आतून नासतो. पठाराची कोरडी हवा, जी माडाला फारशी मानवू नये, तीच इथं खोबऱ्याची कारागीर झाली. आपल्या घाटी मसाल्यात, लग्नाच्या ओटीत, दिवाळीच्या चिवड्यात जे सुकं खोबरं पडतं, त्यातलं पुष्कळ याच पठारावरून आलेलं असतं. पोयीच्या पहिल्या अंकुरापासून मोजलं तर असा गोटा साडेचार वर्षांचा असतो.

एवढ्या वेगवेगळ्या जमिनींत कसं जगतं हे झाड? लक्षद्वीपकडे पाहावं. ३६ बेटं, सगळी मिळून जमीन अवघी ३२ चौरस किलोमीटर, आणि ती जमीन म्हणजे पोवळ्यांचा चुरा. नदी नाही, ओढा नाही. पावसाचं पाणी वाळूत मुरून खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखं तरंगत राहतं, आणि माडाची मुळं त्या थरातून पितात. माडाला सोटमूळ नसतं. बुंध्याच्या फुगीर भागातून दोरीसारखी हजारो मुळं फुटतात. बहुतेक पिकांना मीठ मारून टाकतं, पण माडाला क्लोराइड पोषक म्हणून भरपूर लागतं. पानांवरची सूक्ष्म रंध्रं उघडण्या-मिटण्याचं आणि पाणी सांभाळण्याचं काम त्याच्या मदतीनं चालतं. लागवडीच्या खड्ड्यात मूठ-दोन मूठ मीठ टाकायची जुनी रीत किनाऱ्यावर आहे. त्यामागे हे विज्ञान आहे, ते पुष्कळ उशिरा कळलं. लक्षद्वीपची एक जात इतकी छोटी फळं देते की ती एका हातात मावावीत, आणि तेलाचं प्रमाण मात्र तिच्यात खूपच जास्त.

तरंगणारं फळ, खाऱ्या वाळूत रुजणारं बी, महिनोन्महिने पुरणारं अन्न आणि पाणी सोबत. समुद्रानं नारळ जगभर नेला असणार, असं कुणालाही वाटेल. २०११ मध्ये बी गन, ल्यूक बोदुआँ आणि केनेथ ओल्सन यांनी जगभरातल्या १३०० हून अधिक माडांची जनुकं तपासली, तेव्हा दोन वेगळ्या घराण्यांचे माड समोर आले: एक पॅसिफिकचं, दुसरं हिंदी महासागराचं. म्हणजे माणसानं माड दोनदा, दोन ठिकाणी, स्वतंत्रपणे आपलासा केला. हिंदी महासागराच्या घराण्याचं मूळ दक्षिण भारत, श्रीलंका, मालदीव आणि लक्षद्वीप या टापूत असावं, असं त्यांना दिसलं. पुढे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याला आणि मादागास्करला ही दोन घराणी मिसळली, कारण मधल्या समुद्रावरून व्यापारी आणि दर्यावर्दी ये-जा करत होते. नारळ नुसता वाहत गेला नाही. तो होडीत बसून गेला. आणखी मागं जायचं तर मध्य प्रदेशातल्या शिवनी जिल्ह्यात, दख्खनच्या लाव्ह्याच्या थरांमधल्या गाळात, नारळासारख्या फळाचा जीवाश्म सापडला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. जो काळा कातळ रायगडाखाली आहे, तो थंड होत असताना मध्य भारतात नारळाच्या कुळातलं काहीतरी फळत होतं.

आता पुन्हा त्या ४४ महिन्यांकडे. जे झाड इतक्या आधी पुढचा विचार करून ठेवतं, ते संकटही इतक्याच उशिरापर्यंत आठवणीत ठेवतं. एखाद्या उन्हाळ्यात पाणी कमी पडलं तर त्याच वर्षी बोंडं गळतात, पण तेवढ्यावर संपत नाही. ज्या पोयी तेव्हा शेंड्यात नुकत्या घडत होत्या त्यांनाही तहान लागलेली असते. मग पुढची दोन-तीन वर्षं, पाऊस उत्तम झाला तरी, पेंडीत नारळ कमीच लागतात. बागायतदार म्हणतो, ‘यंदा तर पाऊस चांगला होता, मग काय झालं?’ उत्तर तीन उन्हाळ्यांमागं असतं. खत घातलं तरी फळ दिसायला तेवढाच काळ जातो. म्हणून खताचा खर्च वाया गेला असं समजून मध्येच सोडून देणारे शेतकरी पाहिले की जीव हळहळतो. २०२५ मध्ये केरळात खोबरेल तेल लिटरला ४०० रुपयांच्या पुढं गेलं. कारणं अनेक होती, आणि आधीच्या वर्षांचे कडक उन्हाळे हे त्यातलं एक.

वादळाचा घाव तर थेट मुळावर. १९९६ च्या नोव्हेंबरात कोनसीमेत, १६ नोव्हेंबर २०१८ ला ‘गज’ चक्रीवादळात तंजावूर-पट्टुकोट्टैच्या पट्ट्यात, आणि ३ जून २०२० ला ‘निसर्ग’मध्ये श्रीवर्धन, दिवेआगर, दापोलीच्या बाजूला नारळ-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. उंच जातीचा माड लावल्यापासून सहा-आठ वर्षांनी फळाला येतो आणि भर यायला आणखी काही वर्षं लागतात. भातशेती पुढच्या पावसात उभी राहते. वाडी उभी राहायला एक पिढी मोठी व्हावी लागते.

रोग-किडींचीही माडाशी लढाई जुनी आहे. केरळात १८८२ च्या पुरानंतर मीनच्चिल भागात माडांची पानं पंजासारखी आत वळू लागली आणि ती व्याधी आजही दक्षिण केरळात ठाण मांडून आहे. ती माड मारत नाही, वर्षानुवर्षं झिजवते. फायटोप्लाझ्मा नावाचा अतिसूक्ष्म जीव तिला कारण आहे, हे कळायला शंभर वर्षं लागली. १९९८ च्या सुमारास एर्नाकुलमकडे कोळी कीड पहिल्यांदा दिसली. नारळाच्या टोपीखाली लपून रस शोषणारी, भिंगाखेरीज न दिसणारी. काही वर्षांत ती कोकणातही पोचली. गेंड्या भुंगा कोंब कुरतडतो, मग उलगडलेल्या झावळीवर कात्रीनं कापल्यासारखे त्रिकोण दिसतात. सोंड्या भुंग्याच्या अळ्या खोडाच्या आत असतात. खोडाला कान लावून कुरकुर ऐकणारे अनुभवी बागायतदार आजही आहेत. २०१६ मध्ये पोल्लाचीत पांढरी माशी आली, पाठोपाठ तिला खाणारी इवलीशी गांधीलमाशीही तिथं आढळली, आणि शास्त्रज्ञांनी फवारणी आवरून त्या गांधीलमाशीला वाव द्यायला सांगितलं. मला हा सल्ला फार शहाणपणाचा वाटतो.

एक दिलासा मात्र माडाच्या घडणीतच आहे. त्याची बहुतेक मुळं बुंध्यापासून दोनेक मीटरच्या वर्तुळात राहतात, आणि वय वाढलं की झावळ्यांमधून ऊन खाली झिरपतं. म्हणजे दोन माडांमधली बरीचशी जमीन रिकामीच. केरळच्या परसात या जागेत मिरी, जायफळ, केळी, सुरण, कोको सगळं नांदतं. भाट्याच्या त्याच केंद्रानं या कल्पनेला कोकणासाठी आकार दिला आणि तिला ‘लाखी बाग’ म्हटलं: माडावर मिरीचे वेल, मध्ये जायफळ आणि दालचिनी. अलिबागच्या अष्टागरातल्या वाड्यांमध्ये माड, पोफळी आणि नागवेल असा मेळ फार पूर्वीपासून होताच. नवं केंद्र जुन्या वाडीचं शहाणपण मोजून-मापून पुढं नेत होतं.

आणि बियाणं? इथं माड शास्त्रज्ञांची कठोर परीक्षा घेतो. भाताचं बी वाळवून डब्यात वर्षानुवर्षं ठेवता येतं. नारळ वाळवला की मरतो, गोठवला तरी मरतो. म्हणून नारळाची जनुकपेढी म्हणजे जिवंत झाडांची बाग. कर्नाटकातल्या किडूला अशी आंतरराष्ट्रीय बाग आहे, आणि देशोदेशीच्या जाती तिथं ऊन-पावसात उभ्या आहेत. भारतात नारळावरचं संशोधन १९१६ मध्ये कासरगोड, नीलेश्वर आणि पिलिकोड इथं सुरू झालं. कासरगोडचं केंद्र आज केंद्रीय संस्था आहे. १९३२ मध्ये नीलेश्वरला जे. एस. पटेल यांनी उंच माडाच्या मादी फुलांवर चावक्काडच्या ठेंगण्या माडाचे पराग सोडले. नारळाच्या सगळ्यात आधीच्या संकरांपैकी ते. ती रोपं लवकर फळली, जास्त फळली.

संकरित रोप ओळखायची एक सोपी युक्ती रोपवाटिकेत वापरतात. चावक्काडची एक ठेंगणी जात नारिंगी. तिचं फळ, तिच्या पानाचा देठही नारिंगी. तिच्या पोयीतली नर फुलं कापून टाकून मादी फुलांवर उंच, हिरव्या जातीचे पराग सोडले आणि नारळ रुजत घातले, की चार-पाच महिन्यांत कोंब वर येतात. ज्याचा देठ निव्वळ नारिंगी, ते रोप स्वतःच फळलेलं. ते काढून टाकायचं. ज्याचा देठ तपकिरी झाक मारतो, तो खरा संकर. लवकर रुजलेली, बुंधा जाड असलेली, पान लवकर चिरलेली रोपं ठेवायची, बाकीची बाद. ही निवडलेली रोपं वर्षभरात बागेत जातात: मीटरभर लांब, रुंद, खोल खड्डा, दोन माडांत साडेसात मीटर अंतर, आळं, शेणखत आणि मीठ.